जन्मतः हात किंवा पाय अपुरा असतो तेव्हा: वर्गीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक, हातात एक्स-रे आणि न समजणारा रिपोर्ट घेऊन बसलेले आईवडील. दुसरे, ऑर्थोपेडिक्स, फिजिओथेरपी किंवा प्रोस्थेटिक्स शिकणारे विद्यार्थी. उत्तरं दोघांनाही उपयोगी पडावीत असा प्रयत्न आहे. मधला थोडा तांत्रिक भाग पालकांनी ओलांडून पुढे गेलं तरी चालेल.

'लिंब डेफिशियन्सी'मध्ये नक्की काय काय येतं?

जन्माच्या वेळीच हातातलं किंवा पायातलं एखादं हाड, किंवा अनेक हाडं, मुळात नसणं किंवा अपुरी असणं. मराठीत आपण याला अवयव-न्यूनता म्हणू. एका बोटाचं टोक नसण्यापासून अख्खा हात नसण्यापर्यंत सगळं यात येतं.

सहावं बोट, जुळलेली बोटं किंवा क्लबफूट यात येत नाहीत. तिथे हाडं जास्त असतात, चिकटलेली असतात किंवा वळलेली असतात, पण कमी नसतात. एकाच बाळात दोन्ही गोष्टी असू शकतात, आणि मग दोन्हींची नोंद वेगवेगळी होते.

जन्मदोषांच्या मोठ्या नोंदणींत दर 10,000 जन्मांमागे साधारण 5 ते 6 बाळांमध्ये अशी न्यूनता आढळते. हातांमधलं प्रमाण पायांच्या जवळपास दुप्पट.

डॉक्टरांनी एक नाव सांगितलं आहे. मग आणखी वर्गीकरण कशाला?

कारण ते नाव दुसऱ्या डॉक्टरांना वेगळं काही सांगत असू शकतं. 'हेमिमेलिया' हाच शब्द घ्या. काही जण कोपराखाली हात नसेल तर त्याला हेमिमेलिया म्हणत आले. काही जण हात-पाय टोकापर्यंत आहे, पण दोन हाडांपैकी एक नाही, अशा स्थितीला तेच नाव देतात. 'फिब्युलर हेमिमेलिया' (फिब्युला म्हणजे गुडघ्याखालच्या दोन हाडांपैकी बाहेरचं, बारीक हाड) आजही सर्रास म्हटलं जातं. पहिल्या मुलाला पंजाच नाही आणि दुसऱ्याचा पाय बोटांपर्यंत आहे, तरी फाइलवर शब्द तोच.

चांगल्या वर्णनाची माझी कसोटी साधी आहे. ज्याने बाळ पाहिलेलं नाही अशा माणसाला ते वर्णन फोनवर वाचून दाखवलं, तर त्याला कागदावर त्या हाताची हाडं काढता आली पाहिजेत. एकट्या नावावरून ते सहसा जमत नाही.

ही ग्रीक वळणाची नावं आली कुठून?

अमेलिया, फोकोमेलिया, एक्ट्रोमेलिया वगैरे शब्दांचा उगम एकोणिसाव्या शतकात आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ इझिदोर जोफ्रुआ सेंत-इलेर यांनी 1830 च्या दशकात जन्मजात विकृतींची जी मांडणी केली, तिथून यातले बरेच शब्द रुळले. ती मांडणी बाहेरून दिसणाऱ्या रूपावर आधारलेली होती. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून साठेक वर्षं होती. आत कोणतं हाड आहे आणि कोणतं नाही, हे जिवंत बाळात पाहण्याची सोयच नव्हती.

पुढे 1961 मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या फ्रान्ट्झ आणि ओ'राहिली यांनी हाडांच्या आधारावर शिस्तशीर वर्गीकरण मांडलं. टोकाचा भाग नाही की मधलाच, न्यूनता आडवी आहे की एका बाजूची, असे प्रश्न त्यांनी विचारले. विचार चांगला होता, पण जुने शब्द त्यांनी टाकून दिले नाहीत, आणि जर्मनीत तर 'डिस्मेलिया', 'पेरोमेलिया' अशी वेगळीच शब्दसंपदा चालू होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारातून काढून घेतलं गेलं. 1957 पासून विकल्या जाणाऱ्या आणि गरोदर बायकांनीही घेतलेल्या या औषधामुळे जगभरात सुमारे 10,000 बाळं हातापायांच्या आणि इतर दोषांसह जन्मली असं मानलं जातं. एवढ्या मुलांच्या नोंदी देशोदेशी जमू लागल्या आणि त्यांची तुलना करायची वेळ आली, तेव्हा एकमेकांची भाषाच कळत नाही हे उघडं पडलं.

सध्या जगात कोणती पद्धत मानली जाते?

प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्सच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयएसपीओने, 1973 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे या विषयावर तज्ज्ञांना एकत्र बसवलं. त्यातून आलेला प्रस्ताव पुढे घासूनपुसून 1989 मध्ये आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या, 8548 क्रमांकाच्या मानकाचा पहिला भाग म्हणून प्रसिद्ध झाला. बोलताना त्याला आयएसओ-आयएसपीओ वर्गीकरण म्हणतात.

त्याचं वैशिष्ट्य असं की त्यात एकही ग्रीक नाव नाही. ते फक्त हाडांबद्दल बोलतं, आणि तेही एक्स-रेवर काय दिसतं त्याच्या आधारावर. कारण काय, कोणतं सिंड्रोम, पुढे काय होईल, यातल्या कशावरही ते भाष्य करत नाही. विद्यार्थ्यांना हा त्याचा दोष वाटतो. माझ्या मते ती त्याची सगळ्यात मोठी ताकद आहे: ज्याबद्दल दुमत होऊ शकतं ते सगळं बाहेर ठेवलं, म्हणूनच उरलेल्यावर एकमत होऊ शकलं.

आडवी आणि उभी न्यूनता यांत फरक काय?

काठी आडवी तोडली की उभी चिरली, असा तो फरक आहे.

आडव्या, म्हणजे ट्रान्सव्हर्स न्यूनतेत हात किंवा पाय एका ठरावीक पातळीपर्यंत नेहमीसारखा वाढलेला असतो आणि त्यापुढे हाडंच नसतात. उभ्या, म्हणजे लाँजिट्युडिनल न्यूनतेत लांबीच्या दिशेने असलेलं एखादं हाड किंवा हाडांची एखादी ओळ नसते किंवा अपुरी असते, आणि तिच्या पलीकडे, टोकाकडे, व्यवस्थित हाडं असू शकतात.

तिसरा गट नाही. जे आडवं नाही ते सगळं उभ्यात जमा होतं. त्यामुळे शंका असेल तेव्हा आधी आडव्याच्या अटी लागू होतात का ते तपासावं. एकही अट मोडली की पुढचा विचार उभ्याच्या नियमांनी करायचा.

आडवी न्यूनता कशी लिहायची?

दोनच गोष्टी लागतात: अवयव कोणत्या भागात संपतो, आणि त्या भागाच्या आत कोणत्या पातळीवर संपतो.

हाताचे भाग असे: खांदा, दंड, कोपराखालचा हात म्हणजे फोरआर्म, मनगटाची कार्पल हाडं, तळहाताची मेटाकार्पल हाडं, आणि बोटांची फॅलँजेस. पायाचे: कंबरेचं हाड म्हणजे पेल्व्हिस, मांडी, गुडघ्याखालचा पाय, घोट्याची टार्सल हाडं, पावलाची मेटाटार्सल हाडं, आणि बोटांची फॅलँजेस. लांब हाडांच्या भागांसाठी पातळी चारपैकी एक: पूर्ण, वरचा एक-तृतीयांश, मधला एक-तृतीयांश, खालचा एक-तृतीयांश. बाकीच्या भागांसाठी पूर्ण किंवा अंशतः एवढंच.

उदाहरणार्थ, 'ट्रान्सव्हर्स, फोरआर्म, वरचा एक-तृतीयांश' म्हणजे कोपर आहे, त्याखाली रेडियस (अंगठ्याकडचं हाड) आणि अल्ना (करंगळीकडचं हाड) यांचा थोडा भाग आहे, आणि तिथे हाडं संपतात. सगळ्यात जास्त आढळणारी आडवी न्यूनता हीच, आणि ती डाव्या हाताला अधिक दिसते.

'पूर्ण' या शब्दाशी विद्यार्थी हमखास अडखळतात. 'ट्रान्सव्हर्स, फोरआर्म, पूर्ण' याचा अर्थ फोरआर्म पूर्ण आहे असा नव्हे. त्याचा अर्थ फोरआर्म पूर्णपणे नाही, दंडाचं हाड शेवटपर्यंत आहे आणि हात कोपराशी संपतो. तसंच 'ट्रान्सव्हर्स, दंड, पूर्ण' म्हणजे खांद्याची हाडं आहेत, पुढे काही नाही. जुन्या भाषेत अमेलिया. मी शिकवताना 'पूर्ण' च्या पुढे मनातल्या मनात 'नाही' म्हणायला सांगतो.

हाताच्या टोकाला बोटांसारखे छोटे कोंब आहेत, नखंही आहेत. तरी 'आडवी' कसं?

हा प्रश्न पालक फार विचारतात. हात फोरआर्मला किंवा मनगटाशी संपतो आणि टोकाला मांसल दाण्यांची रांग असते. कधी त्यांच्यावर इवलीशी नखं असतात. मानकात याचा स्पष्ट उल्लेख आहे: असे कोंब असले तरी न्यूनता आडवीच, कारण त्यांच्यात सांगाड्याचा भाग नसतो.

पण वर्गीकरणात त्यांना जागा नाही म्हणून ते निरर्थक ठरत नाहीत. कोंब असणं ही कारणाच्या दिशेने जाणारी एक खूण आहे. हाताच्या वाढीतच काही बिघडलं, हात बनून नंतर तुटला असं नाही, असं ते सुचवतात. सिम्ब्रॅकिडॅक्टिली नावाच्या स्थितीत ते बऱ्याचदा दिसतात. म्हणून नोंदीच्या खाली 'टोकाला कोंब आहेत' अशी एक ओळ जरूर लिहावी.

आणि उभी न्यूनता?

इथे काम जरा जास्त आहे, पण नियम मोजके आहेत.

अपुरी किंवा नसलेली हाडं शरीराकडून टोकाकडे, अशा क्रमाने लिहायची. प्रत्येकापुढे पूर्ण किंवा अंशतः लिहायचं. अंशतः असेल तर साधारण किती आणि कोणता भाग नाही तेही लिहिता येतं. ज्या हाडाचं नाव घेतलं नाही ते हाड आहे आणि त्याचा आकार नेहमीसारखा आहे, असं धरलं जातं. हा शेवटचा नियम वाचायला निरुपद्रवी वाटतो, पण चुका बहुतेक इथेच होतात. हाड आहे, पण आखूड आणि बारीक आहे, म्हणून घाईत त्याचं नाव गाळलं, तर वाचणारा ते हाड सुदृढ समजणार.

तळहातातलं किंवा पावलातलं एक लांब हाड आणि त्याच्या पुढचं बोट मिळून एक ओळ होते. तिला 'रे' म्हणतात. हातात अंगठ्याच्या, म्हणजे रेडियसच्या बाजूने आणि पायात अंगठ्याच्या, म्हणजे टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) बाजूने 1 ते 5 मोजायचं. अंगठाच नसेल तरी मोजणी सरकत नाही. तर्जनी ही रे 2 च राहते. कोणती बोटं उरली आहेत हे ठरवणं कधीकधी खरोखर अवघड असतं, विशेषतः पावलात तीनच बोटं असतील तेव्हा. अशा वेळी बाजूचं लांब हाड आणि घोट्याची हाडं पाहून अंदाज बांधावा लागतो.

दोन नमुने पाहू.

मनगट अंगठ्याच्या बाजूला वळलेलं आहे आणि अंगठा नाही, अशा बाळाचं वर्णन: 'लाँजिट्युडिनल, रेडियस पूर्ण, कार्पल अंशतः, रे 1 पूर्ण.' ह्यूमरस (दंडाचं हाड) आणि अल्ना यांची नावं नाहीत, म्हणजे ती दोन्ही नेहमीसारखी आहेत. प्रत्यक्षात अशा हातात अल्ना बहुधा आखूड आणि वाकलेली असते; तसं असेल तर तिचंही नाव घ्यायला हवं.

मांडीचं हाड, म्हणजे फीमर, आखूड, गुडघ्याखाली एकच हाड आणि पावलाला तीन बोटं: 'लाँजिट्युडिनल, फीमर अंशतः, वरचा भाग, फिब्युला पूर्ण, टार्सल अंशतः, रे 4, 5 पूर्ण.' एवढ्या एका ओळीत जे आलं ते 'पीएफएफडी' (फीमरच्या वरच्या भागाच्या न्यूनतेचं रूढ इंग्रजी लघुनाव) या चार अक्षरांत येत नाही.

फोकोमेलिया यात कुठे बसतो?

थॅलिडोमाइडच्या बातम्यांमुळे हा शब्द सगळ्यांना ठाऊक झाला. पंजा जणू थेट खांद्याला लागून असतो, मधला हात नसतो. फ्रान्ट्झ-ओ'राहिली पद्धतीत त्याला मधला भाग गळाल्याचं उदाहरण मानलं गेलं.

आयएसओ पद्धतीत तो उभ्या न्यूनतेत जातो: ह्यूमरस पूर्ण किंवा अंशतः, रेडियस पूर्ण, अल्ना पूर्ण, आणि पुढे जे काही असेल ते. सुरुवातीला अनेकांना ही ओढाताण वाटली. नंतर 2005 मध्ये अमेरिकेतल्या हाताच्या शल्यविशारदांनी फोकोमेलिया असं नाव दिलेल्या रुग्णांचे एक्स-रे पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की मधला भाग स्वच्छ गळाला आणि बाकीचा हात नेहमीसारखा राहिला, असं जवळजवळ कोणातच नव्हतं. पंजातही कमतरता होत्या, उरलेल्या लांब हाडांतही होत्या. बहुतेक हात रेडियस किंवा अल्ना बाजूच्या उभ्या न्यूनतेची टोकाची रूपं होते.

बाळ पंधरा दिवसांचं आहे. एक्स-रेवरून आत्ताच पक्कं सांगता येईल?

आडवी न्यूनता असेल तर बहुतेक वेळा हो. उभी असेल तर जपून.

एक्स-रेवर हाड दिसतं, कूर्चा (कार्टिलेज, म्हणजे अजून हाड न बनलेला लवचीक भाग) दिसत नाही. आणि नवजात बाळाच्या सांगाड्याचा मोठा भाग कूर्चेचाच असतो. मनगटाची आठही हाडं जन्मतः एक्स-रेवर दिसत नाहीत. कॅपिटेट आणि हॅमेट ही पहिली दोन साधारण 1 ते 3 महिन्यांत उमटतात, आणि शेवटचं पिसिफॉर्म दिसायला 8 वर्षं किंवा त्याहून जास्त लागू शकतात. म्हणजे नवजात बाळाच्या रिपोर्टवर 'कार्पल पूर्ण' असं कुणी लिहिलं, तर ते निदान कशाच्या आधारावर झालं हे विचारायलाच हवं. फीमरच्या डोक्याचं केंद्र 4 ते 6 महिन्यांच्या सुमारास दिसू लागतं. गुडघ्याची वाटी तर 3 ते 6 वर्षांच्या दरम्यान.

याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. टिबियाच्या न्यूनतेत एक प्रकार असा आहे की सुरुवातीच्या एक्स-रेवर टिबिया अजिबात दिसत नाही, पण तिचा वरचा भाग कूर्चेच्या रूपात असतो. जोन्स, बार्न्स आणि लॉइड-रॉबर्ट्स यांच्या 1978 च्या वर्गीकरणात यासाठी 1 ब असा वेगळा प्रकार आहे. वरचा भाग खरोखर नसेल तर गुडघ्यातून पाय काढण्याचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. कूर्चा असेल आणि मांडीचा पुढचा स्नायू तिला जोडलेला असेल तर गुडघा वाचवता येण्याची शक्यता असते. म्हणून अशा बाळात सोनोग्राफी किंवा एमआरआय करून कूर्चा शोधतात. शस्त्रक्रियेचा निर्णय फक्त पहिल्या एक्स-रेवर घेतला जात असेल, तर पालकांनी हा प्रश्न जरूर विचारावा.

वर्णन तात्पुरतं आहे असं लिहायला काहीच हरकत नाही. तारीख आणि बाळाचं वय नोंदीवर असू द्या, आणि हाडं उमटत जातील तसं वर्णन सुधारा.

वर्गीकरणात कारण का नसतं?

कारण एकाच कारणातून वेगवेगळी रूपं येतात आणि एकाच रूपामागे वेगवेगळी कारणं असतात.

हाताचा अंकुर गर्भधारणेनंतर साधारण 26 व्या-27 व्या दिवशी दिसू लागतो, पायाचा त्यानंतर एक-दोन दिवसांनी. आठवा आठवडा संपेपर्यंत बोटांसकट सगळी रचना तयार झालेली असते. अंकुराच्या टोकाला पेशींची एक कड असते. लांबी वाढत राहण्याचा इशारा ती देते. करंगळीच्या बाजूला पेशींचा दुसरा एक गट असतो, तो अंगठा कुठे आणि करंगळी कुठे हे ठरवणारा संदेश सोडतो. या यंत्रणेत कधी आणि कुठे अडथळा आला त्यावर रूप ठरतं. अडथळा जनुकातला असो, रक्तवाहिनीतला असो किंवा औषधाचा, अंकुराकडे प्रतिसाद देण्याचे मार्ग मोजकेच आहेत.

थॅलिडोमाइड हे याचं नीट अभ्यासलेलं उदाहरण. गर्भधारणेनंतर साधारण 20 ते 36 दिवस हा धोक्याचा काळ. त्याच्या सुरुवातीला घेतलेल्या गोळीने हातांना जास्त बाधा होई, नंतरच्या गोळीने पायांना. औषध सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटतं हे 2010 मध्ये समजलं, म्हणजे ते मागे घेतल्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने. वर्गीकरण कारणावर अवलंबून ठेवलं असतं तर एवढी वर्षं ते अडून राहिलं असतं.

याउलट, ॲम्निऑटिक बँड. गर्भपिशवीच्या पातळ पडद्याचे धागे बोटांभोवती किंवा पायाभोवती आवळले जातात आणि आधी नीट बनलेला भाग गळून पडतो. आयएसओच्या वर्णनात हीसुद्धा आडवी न्यूनताच दिसेल. फरक तपासणाऱ्याला कळतो: इतर बोटांवर आवळल्याच्या खाचा असतात, वरचा भाग अगदी व्यवस्थित असतो.

मग कारण शोधायचंच नाही का?

शोधायचं, आणि काही वेळा घाईने. हे वाचणाऱ्या पालकांनी दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, पण हे ठेवावं: रेडियस बाजूची न्यूनता असेल, म्हणजे फोरआर्मचं अंगठ्याकडचं हाड किंवा अंगठा अपुरा असेल, तर फक्त हाताच्या डॉक्टरांवर थांबू नये. हृदय, मूत्रपिंड, मणका आणि रक्त यांची तपासणी व्हायला हवी.

होल्ट-ओरम सिंड्रोममध्ये हृदयात छिद्र किंवा ठोक्यांचा दोष असतो. व्हॅक्टर्ल या गटात मणके, गुदद्वार, हृदय, अन्ननलिका-श्वासनलिका आणि मूत्रपिंड यांचे दोष एकत्र येतात. टीएआर सिंड्रोममध्ये प्लेटलेट्स कमी असतात. त्याची खूण अशी की रेडियस नसूनही अंगठा असतो. आणि सगळ्यात फसवा फॅन्कोनी ॲनिमिया: जन्मतः रक्त ठीक असू शकतं आणि पुढे काही वर्षांनी अस्थिमज्जा रक्त बनवणं थांबवू लागते. साध्या रक्ततपासणीवर तो बाळपणी सापडेलच असं नाही. त्यासाठी क्रोमोझोम तुटण्याची खास चाचणी आहे. लवकर कळलं तर तयारीला वेळ मिळतो.

अल्ना बाजूच्या न्यूनतेसोबत आतल्या अवयवांचे दोष क्वचित असतात. हाडांचेच इतर दोष जास्त सापडतात. फिब्युलाची न्यूनता बहुधा एकटीदुकटी येते, घराण्यात चालत नाही. टिबियाची आणि मधल्या रे नसलेल्या दुभंग हात-पायांची न्यूनता मात्र आनुवंशिक असण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

एका हाताची आडवी न्यूनता, बाकी बाळ सुदृढ, घरात कुणाला नाही: अशा बाळात बहुतेक वेळा कारण सापडत नाही, आणि पुढच्या बाळात तसं होण्याची शक्यता अगदी कमी असते.

हे माझ्या एखाद्या चुकीमुळे झालं का?

जवळजवळ नेहमीच, नाही. वजन उचललं, पडले, ग्रहणात काही केलं, यातल्या कशाने हाड नाहीसं होत नाही. मोजकी औषधं, न आटोक्यातला मधुमेह, आणि 10 आठवडे पूर्ण होण्याआधी केलेली कोरिऑनिक व्हिलस तपासणी (वारेचा बारीक नमुना घेऊन केली जाणारी चाचणी) यांचा संबंध दिसून आला आहे. गरोदरपणात काही औषधं सुरू असतील तर ती यादी डॉक्टरांना दाखवावी.

रिपोर्टवर 'बेन टाइप 4' आणि 'ॲक्टरमन-कलामची' असलं काही लिहिलं आहे. ही दुसरी वर्गीकरणं कशासाठी?

आयएसओचं वर्णन सगळ्या अवयवांना लागू पडतं, पण सांध्याबद्दल, स्नायूंबद्दल, स्थैर्याबद्दल ते गप्प आहे. शल्यविशारदाला उपचार ठरवायला नेमकं तेच हवं असतं. म्हणून एकेका हाडासाठी वेगळी वर्गीकरणं तयार झाली.

रेडियससाठी बेन आणि क्लुग यांचं 1987 चं: प्रकार 1 मध्ये हाड थोडं आखूड, 2 मध्ये लहानखुरं, 3 मध्ये अर्धवट, 4 मध्ये नाहीच. आयएसओच्या हिशेबात पहिले तीन 'अंशतः' या एकाच खणात पडतात. फिब्युलासाठी 1979 चं ॲक्टरमन आणि कलामची यांचं. फीमरच्या वरच्या भागासाठी एटकिन यांचं 1969 चं, ए ते डी. अंगठ्यासाठी ब्लाउट यांचं. ही एकमेकांच्या विरोधात नाहीत. आयएसओ वर्णन आधी लिहून त्याखाली हा प्रकार लिहिला की दोन्ही कामं होतात.

हाताच्या शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात अनेक वर्षं स्वॉन्सन यांची सात गटांची मांडणी चालली. न्यूनता, जुळणं, जादा बोटं, आवळलेल्या खाचा असं सगळंच तिच्यात होतं. तिची जागा आता ओएमटी, म्हणजे ओबर्ग, मॅन्स्के आणि टॉन्किन यांच्या मांडणीने घेतली आहे. हाताच्या शल्यविशारदांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ती 2014 मध्ये स्वीकारली. गर्भात कोणत्या दिशेची वाढ बिघडली यावर ती उभी आहे. म्हणजे कारणाचा विचार तिथे परत आलाच. अभ्यासासाठी ती उत्तम, पण भ्रूणशास्त्राची समज बदलली की तिला बदलावं लागतं, आणि ती फक्त हातांची आहे.

दवाखान्याच्या कागदावरचा क्यू71, क्यू72 हा कोड काय आहे?

आयसीडी-10 या आजारांच्या यादीतला कोड. क्यू71 हातांसाठी, क्यू72 पायांसाठी, क्यू73 कोणता अवयव ते नमूद नसेल तेव्हा. पुढचा आकडा तपशील देतो: क्यू71.4 म्हणजे रेडियसची उभी न्यूनता, क्यू72.6 म्हणजे फिब्युलाची. आकडेवारीसाठी आणि विम्यासाठी ठीक. उपचार ठरवण्याइतका तपशील त्यात नसतो.

'ट्रान्सरेडियल ॲम्प्युटी' असं माझ्या मुलीबद्दल लिहिलं होतं. चूक आहे का?

चूकच. ॲम्प्युटेशन म्हणजे असलेला अवयव कापला जाणं किंवा तुटणं. कृत्रिम हाताचा सॉकेट बनवणाऱ्याला दोन्ही हात सारखे दिसू शकतात म्हणून ही सरमिसळ होते, पण फरक आहेत. मोठ्या हाडातून कापलेल्या लहान मुलात हाडाचं टोक वाढत जाऊन कातडीला टोचू लागतं आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. जन्मजात आडव्या न्यूनतेत हे क्वचित घडतं. शिवाय जन्मतः तसाच असलेला हात मुलीच्या लेखी अपुरा नसतोच. ती त्याच हाताने पकडायला, टेकायला, रांगायला शिकलेली असते.

वर्णन वाचून मूल काय काय करू शकेल ते सांगता येतं का?

नाही. पाय असेल तर दोन पायांच्या लांबीतला फरक, घोटा आणि गुडघा किती स्थिर आहेत, यावरून चालण्याचा बराच अंदाज येतो. पण हे तपासून कळतं, वर्गीकरणाच्या ओळीतून नव्हे. हातांच्या बाबतीत तर अंदाज करूच नये. एकच वर्णन असलेल्या दोन मुलांपैकी एक कृत्रिम हात आवडीने वापरतं आणि दुसरं तो कोपऱ्यात टाकून कोपराच्या बेचक्यात वस्तू धरतं. दोघंही बरोबर असतात.

दोन हात आणि एक पाय, अशी एकाहून जास्त अवयवांत न्यूनता असेल तर?

प्रत्येक अवयवाची वेगळी ओळ, डावा-उजवा स्पष्ट लिहून. 'दोन्ही बाजूंना सारखं' असं लिहून वेळ वाचवू नका. दोन बाजू नीट पाहिल्या तर क्वचितच सारख्या असतात.

शस्त्रक्रियेनंतर वर्गीकरण बदलतं का?

मूळ वर्णन जन्माच्या वेळच्या स्थितीचं असतं, ते तसंच राहतं. तर्जनी फिरवून अंगठ्याच्या जागी बसवली, तरी 'रे 1 पूर्ण' ही नोंद पुसायची नाही. तिच्याखाली शस्त्रक्रिया आणि तारीख लिहायची. कृत्रिम पाय नीट बसावा म्हणून पाऊल काढलं, तर तेही जन्मजात वर्णनाच्या खाली, शस्त्रक्रिया म्हणून. नाहीतर पंधरा वर्षांनी नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर जन्मतः काय होतं आणि नंतर काय केलं, हे कुणालाच वेगळं करता येत नाही. जन्मानंतरचे पहिले एक्स-रे म्हणूनच जपून ठेवावेत, आणि त्यांचे मोबाइलवर फोटोही काढून ठेवावेत.